प्रत दोन

स्कॅन सेंटरचं मागचं दार रेल्वेकडे उघडतं.
रात्री दीडला मिरज जंक्शनची घोषणा तीन भाषांत आत येते.
माझ्यासमोर चौथी भाषा, मुकी:
काळी पाटी, आणि तिच्यावर उघडझाप करणारी एक रेघ.

माऊस दिवाळीत बिघडला. नवा कोणी आणला नाही,
मीही मागितला नाही.
कमांडला तीनच गोष्टी सांगायच्या असतात:
कुठून. कुठे. किती वेगानं.
मधली एखादी जागा सोडायची राहिली तर ती भांडते,
सगळं बरोबर असेल तर गप्प.
आमचे गणिताचे मास्तर असेच होते.

इथे सगळे म्हणतात, सीडी मारून द्या.
इंग्रजीत म्हणतात, जाळा.
आणि लेसर खरंच जाळतो:
रंगाच्या पातळ थरात, बोटाला न कळणारे चटके,
आतून बाहेर, गोल गोल,
जुन्या ड्राइव्हवर वेग चार, त्यापुढे तो कण्हायला लागतो.

मणेराजुरीचे बाळगोंडा चौगुले, वय एकसष्ट,
बाकड्यावर बसून हे सगळं ऐकत होते.
"जाळतायसा म्हंजे? मूळची राहती न्हवं?"
राहते, काका. तिचं फक्त वाचन होतं.
"मग असं करा की ताई,
दुसऱ्या कापीत तेवढा ठिपका सोडून बाकीचं उतरवा.
घरी दाखवायला."
थट्टाच होती.
मध्येच कुठेतरी ती त्यांच्या हातातून सुटली
आणि दोघांनीही उचलली नाही.

मी म्हटलं, तसं करता येत नाही.
खरं तर येतं.
हव्या त्या चित्रांवर नुसतं बोट ठेवायचं, तीस सेकंदांचं काम.
पण मग बेरीज जुळत नाही.
बत्तीस अक्षरांची बेरीज असते, मुळाची एक, नकलेची एक,
त्या रात्री मी ती मोठ्यानं वाचली,
एक एक अक्षर, पाढे म्हटल्यासारखी,
आणि काका मान हलवत राहिले,
आपल्याच सातबाऱ्याचे गट नंबर कोणी वाचावेत तसे.
जुळली.
ट्रे बाहेर आला. डिस्क कोमट होती.
मार्करनं लिहिलं: चौगुले बा. गो., प्रत एक, पुण्याच्या डॉक्टरांना.
चौगुले बा. गो., प्रत दोन.
दोनच्या पुढे काय लिहायचं, सुचलं नाही.

फेब्रुवारीत वॉचमन दस्तगीर म्हणाला,
आमच्या गावाकडं द्राक्षं तोडणीला आलीत, चल, पेटी घेऊन येऊ.
बागेत तारांना सुतळीनं बांधलेल्या डिस्क,
पंचवीस-तीस तरी असतील,
लग्नांच्या, भजनांच्या, कुणाच्या तरी टायपिंगच्या क्लासच्या.
वाऱ्यानं फिरत होत्या, कोणी वेग न सांगता.
चौथ्या ओळीत एकीवर माझं अक्षर.
मार्कर फिकटला होता. 'दोन'चा 'दो' अजून होता.

चौगुलेकाकू पाटीत घड मांडत होत्या.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या,
"घरात मशीन न्हाई ती लावायला.
हितं निदान कामाला येतीय.
चकाकती बघा, पाखरं बिचकत्यात."
आणि थोड्या वेळानं, कात्री थांबवून,
"त्यास्नी पाखरांचा लई राग."

होता, असं त्या म्हणाल्या नाहीत.

डिस्क फिरली. उन्हाचा एक गोल तुकडा
पानांवरून, पाटीवरून, काकूंच्या पदरावरून गेला.
मला ठाऊक आहे, ऊन हा थर उतरवतं.
एक-दोन उन्हाळे, मग कुठलाच ड्राइव्ह ती वाचणार नाही.
ठिपकाही जाईल. त्याच्या आसपासचं सगळंही.
ते मी काकूंना सांगितलं नाही.

दस्तगीर पेटी खांद्यावर घेऊन हाका मारत होता.
डिस्कच्या वीतभर खाली एक बुलबुल
निवांत, चोच पुसत,
दुसरा मणी निवडत होता.