काडी

तेरखेड्यात दारू ठासायची खोली
गावाबाहेर, बाभळीपलीकडं होती.
आई तिथं कामाला जायची
काडेपेटी घरी विसरून. मुद्दाम.

कादरचाचा शोरा जिभेवर ठेवून पारखायचे.
गार लागला पाहिजे, म्हणायचे, मग थुंकायचे.
कोळसा तुराट्यांचाच. बाभळीचा आळशी.
डाव्या हाताला तीन बोटं,
दोन एका दिवाळीत गेली.
"माझ्या आधी वर," सांगायचे, हसून.

त्यांचा कुणी खापरपणजा म्हणे बाणदार.
खर्ड्याच्या माळावर बांबूला लोखंडी नळी बांधून
सोडायचा. कुणाच्या बाजूनं, विचारलं तर
"बाणाला बाजू नसती, पोरी. काडी असती.
काडी सरळ तर बाण सरळ."

पाडव्याला सकाळी आम्ही पोरं
गुडघाभर ज्वारीत जळक्या काड्या हुडकायचो.
काडीमागं चार आणे.
चाचा एकेक काडी डोळ्याशी धरायचे,
कुठं वाकली, का वाकली,
वहीत लिहायचे. उर्दूत.
ती वही मला कधीच वाचता आली नाही.

आता मी वाळूजला, लेथवर.
कधीकधी एक तुकडा येतो, मुठीएवढा.
केसाच्या विसाव्या भागाइतकीच चूक चालते.
ड्रॉइंगवर नुसता नंबर; कुठं जाणार, कुणी सांगत नाही.
पण हाताला कळतं:
आत निमुळतं, मग एकदम फाकलेलं.
हेच तोंड चाचा पिवळ्या मातीनं करायचे,
अंगठ्यानं.

यान उतरलं त्या संध्याकाळी कँटीनमध्ये टाळ्या.
मला आधीचं आठवत होतं,
उतरता उतरता गप्प झालेलं.
पडलं असेल कुठं तरी काळ्या दगडात,
आपल्यासारख्याच.
आणि कुणीतरी रात्र रात्र बसून
कुठं वाकलं, का वाकलं,
लिहिलं असेल.

ईश्वरी विचारते, माणसं राहायला गेली
की चंद्रावर दिवाळी असेल?
असेल की.
पण हवा नाही ना तिथं. बाण पेटेल?
पेटेल. शोरा आपला श्वास बरोबर नेतो.
आणि आवाज?
आवाज नाही येणार.
मग कळणार कसं, नीट गेला का?

मी लेथचं तेल लागलेली बोटं पुसते. पाचही.

सकाळी जायचं, बाई.
काडी हुडकायला.