विषय क्रमांक नऊ

दर मे महिन्यात मी हा तक्ता बांधतो.
नाव, प्रभाग, अपेक्षित सभा, हजर, भत्ता, प्रवासखर्च.

सग्डन, एनिड. कॅनॉल प्रभाग. सव्वीस. अकरा.
नऊ हजार आठशे चाळीस पौंड. प्रवासखर्च निरंक.

निरंक हा शब्द मला आवडतो,
घासूनपुसून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.
पण लोकांना दिसतो अकरा.
बेकरीतली बाई पाव बांधता बांधता म्हणाली,
"सभेमागे नऊशेला पाचसहा कमी पडले की हो.
हजेरी घ्यायला हवी एकदा तिची. चांगली."
हिशेब तिचा बरोबर होता.
मी सुटे पैसे मोजले, निघालो.

परिसर समिती म्हणजे मेथडिस्ट हॉलची मागची खोली,
सात खुर्च्या,
आणि फक्त माझ्याच घोट्यांना ओळखणारा हीटर.
इथे यंदा ठरलं ते असं:
मिल लेनच्या चढावर मिठाची पिवळी पेटी.
बोलिंग क्लबला किटलीसाठी चाळीस पौंड
(चर्चा तेवीस मिनिटं, मी घड्याळ लावतो).
लॅरी होल्डस्वर्थच्या नावाचा बाक, नदीकडे तोंड करून.
मग त्याच्या बायकोचं पत्र आलं, दोन ओळींचं:
नदीनंच नेलं ना त्याला.
आता बाक बसथांब्याकडे बघतो.

शाळेपुढचे झेब्रा पट्टे: तहकूब.
ऑक्टोबर. चार सदस्य लागतात, तीन हजर.
डिसेंबर. तीन.
फेब्रुवारी. तीन, त्यांतले एक कर्शॉ,
सव्वीसपैकी सव्वीस,
विषय दोनपासून हनुवटी छातीवर.
इतिवृत्तात मी लिहिलं:
सग्डन यांची दिलगिरी नोंदवण्यात आली.
जणू बरणीत भरून पाठवली होती,
आणि मी पोच दिली.

सभा साडेसहाला.
वृद्धाश्रमातली तिची रात्रपाळी सातला.
नऊ हजारांत कुणाचं घर चालतं ते मला ठाऊक नाही,
तिचं चालत नाही.
विषय क्रमांक नऊ तिचाच आहे:
सभा दुपारी दोनला घ्यावी.
तहकूब, ऑक्टोबर. तहकूब, डिसेंबर.
तहकूब, फेब्रुवारी.
कारण तेच, चौथं माणूस नाही.

एप्रिलमध्ये ती आली.
जांभळा गणवेश, खिशावर उलटं लटकणारं घड्याळ,
हाताला जंतुनाशकाचा वास.
बसली नाही. म्हणाली, "पट्टे आधी घ्या."
अध्यक्षांनी चष्मा शोधला, सापडला,
कर्शॉला कुणीतरी कोपर मारलं.
चार विरुद्ध शून्य.
सहा बेचाळीसला दार लागलं तिच्यामागे,
आणि खोलीत पुन्हा तीन.
विषय नऊ: गणपूर्ती नाही.

बारा मिनिटं.
नियम म्हणतो, सही केली की हजर.
त्या अकरांत ती बारा मिनिटं आहेत,
आणि कर्शॉच्या सव्वीसांत ती झोप.
आकडे एकाच टंकात छापले जातात.
"शेरा" असा रकाना आमच्याकडे नाही.
मागे एकदा मी सुचवला होता.

आज सकाळी शाळेपुढे दोघं माणसं
पांढरा रंग ओतत होती.
एक पट्टा थोडा तिरका गेलाय.
मी ऑफिसात आलो, जूनची विषयपत्रिका टंकली.
वेळ: सायंकाळी साडेसहा.
मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे,
दिलगिरी,
किटलीची पावती,
आणि शेवटी, नववा.