चीक

शाळेची भिंत रंगवायची, दर ठरला
चौरस फुटाला चौदा रुपये, सामान माझं.
किनगावच्या पुढं, जिल्हा परिषदेची मराठी शाळा;
मागं केळीची बाग, बागेमागं सातपुड्याची निळी रेघ.
मी मुनाफ तडवी, पेंटर.
ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लग्नघरांच्या भिंती, रसवंतीच्या पाट्या,
आणि निवडणूक आली की दोन्ही पार्ट्या.

आधी वेळापत्रक लिहायचं होतं.
मोठ्या बाईंनी कागद दिला :
गणित गणित भाषा, भाषा गणित इंग्रजी,
आणि शनिवारी, अगदी शेवटच्या घरात,
दोन अक्षरं. कला.
हे घर लहान झालं तरी चालेल, म्हणाल्या.
हा तास कोण घेतं, मी विचारलं.
पद मंजूर आहे, म्हणाल्या. माणूस नाही.
त्या तासाला राहिलेलं गणित घेतो आम्ही.

मी याच शाळेतला. पाढे सतराला अडकायचे.
बोरोले गुरुजी होते तेव्हा, धोतराला कायम गेरू.
त्यांनी टेबलावर एक मडकं ठेवलं आणि म्हणाले,
काढू नका. आधी बघा.
चाळीस पोरं, एक मडकं, अर्धा तास.
गळ्याजवळ कुंभाराचा अंगठा उमटलेला होता,
तो मला दिसला.
त्या अंगठ्यावर आज माझं घर चालतं.

भिंतीला पांढरा हात मारून मी संध्याकाळी गेलो.
सकाळी भिंतीवर केळीचा घड!
काळसर तपकिरी. नऊ फण्या, मोजून नऊ,
खालच्या फणीची केळी बारकी, असतात तशीच,
टोकाला केळफूल, त्याची एक पाकळी उचललेली.
घडाखाली वाकलेली बाई, डोक्यावर चुंबळ.
कोणी केलं? कोणी बोलेना.
मी नाक लावलं भिंतीला. चीक.
केळीचा चीक लावताना पाण्यासारखा असतो,
काळा पडतो तो नंतर, रात्रीतून.
म्हणजे ज्यानं काढलं
त्याला काढताना काहीच दिसत नव्हतं.

झाका ते, बाई म्हणाल्या, मंगळवारी केंद्रप्रमुख येताहेत.
झाकलं. डिस्टेंपरचा एक हात, दुसरा हात.
सोमवारी घड पुन्हा वर.
चिकाचा डाग जात नाही भो,
बागेत राबणाऱ्या कुठल्याही बाईला लुगडं दाखवायला सांगा.

प्रार्थनेला, तिसरीच्या रांगेत,
एका फ्रॉकच्या घेरावर काळे ठिपके होते.
नाव मला माहीत आहे. सांगणार नाही.

मंगळवारी साहेब आले, मी शिडीवर.
साहेब, वरूनच बोलतो, माफ करा.
जळगावात पोरं फी भरून चित्रकलेला जातात,
आया बाहेर स्कूटीवर थांबतात. थांबू द्या.
हे ज्या लेकराचं आहे त्याची आई घड वाहते,
त्याला तुमच्या शनिवारच्या घराशिवाय दुसरं घर नाही.
तेही तुम्ही गणिताला भाड्यानं दिलं.
आणि गणितच पाहिजे तर फण्या मोजा, साहेब.
त्यानं चित्रकार व्हावं असं माझं काही नाही.
कलेक्टर होऊ दे, कंपाउंडर होऊ दे,
मडक्यावरचा अंगठा दिसला पाहिजे त्याला.
माणूस पाठवा.

साहेबांनी मोबाइलवर घडाचा फोटो काढला.
वरती कळवतो, म्हणाले. चहा घेतला.

बिल दिलं : तीनशे वीस चौरस फूट,
वजा सहा. घड तसाच ठेवला.
आणि वेळापत्रकात ते शेवटचं घर
माझ्या हातून जरा मोठंच लिहिलं गेलं,
‘कला’चा काना शेजारच्या गणितात घुसला.
दुरुस्तीला या म्हणून दोनदा निरोप आला.
येतो म्हणालो.
अजून गेलो नाही.