चौथ्या मिनिटाला

पहिला खेळ मी विकत घेतला नाही, ऐकला.
रेडिओवरचा माणूस म्हणायचा, 'टेप सुरू करा',
आणि मग पाच मिनिटं नुसती किरकिर,
आईच्या गिरणीतल्या सगळ्या चात्या एकदम रडाव्यात तशी.
मी रेकॉर्डर रेडिओला टेकवून, श्वास रोखून.
वूच शहरात तेव्हा मांस रेशनवर होतं.
किरकिर फुकट.

चौथ्या मिनिटाला आई स्वयंपाकघरातून ओरडली,
'झेमोवित, सूप निवतंय!'
तो खेळ कधीच लोड झाला नाही.
दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

मग बाजार. स्टेडियममागे डांबरावर चादरी,
चादरींवर पिवळी कार्ट्रिजं, 'एकात नव्याण्णव खेळ'.
मोजले तर सात,
उरलेली त्याच सातांची सोंगं.
विकणारा बोगुस म्हणाला, 'बदलून देईन की!'
पुढच्या रविवारी त्याच्या जागी लोणचीवाली.
त्या सातांवर मी तीन हिवाळे काढले.
खिसा रिकामा असला की खेळ लांबतो,
हे फार उशिरा कळलं.

पगार सुरू झाला (लिफ्ट दुरुस्त करतो, अजूनही)
आणि जाडजूड खोकी घरात येऊ लागली.
ट्रॅममध्येच खोकं फोडून माहितीपुस्तक हुंगायचो,
घराचा थांबा येईतो निम्मा खेळ मनात खेळून झालेला.
नव्या खेळासाठी मध्यरात्री दुकानासमोर रांग, उणे अकरा,
पुढचा रिशार्द थर्मासमधला चहा द्यायचा.
आडनाव विचारायचं राहिलं.
रांगा संपल्या, तोही संपला माझ्यापुरता.
युद्धं लागायची तेव्हा मला. किल्ले, तोफा, चाळीस चाळीस तासांच्या मोहिमा.
रात्रभर माणसं मारायचो
आणि सकाळी लाल डोळ्यांनी
सहाव्या मजल्यावर अडकलेल्या म्हातारीला सोडवायचो.

पुढे दुकानच घरात शिरलं.
पंचाहत्तर टक्के सवलत. नव्वद टक्के.
जेवताना एक घेतला, दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या दोन.
सहाशे बारा झाले. उघडले एकशे चार.
ग्राझिना म्हणाली, 'तू खेळत नाहीस, साठा करतोस,
उद्या लढाई लागणार असल्यासारखा.'
बरोबर होतं तिचं. त्या वर्षी मी
खेळांपेक्षा किमतीच जास्त पाहिल्या.

आता त्रेपन्नावं. उजवा अंगठा थंडीत बोलतो.
मला आवडतो तो खेळ, ज्यात एक बाई
दीपगृहाच्या काचा पुसते.
कोणी मरत नाही. धुकं येतं, खारा थर बसतो,
उद्या परत पुसायचं.
'बाबा, हा खेळ आहे की घरकाम?' ऑटिलिया विचारते.
नवा खेळ मी वर्षभर मुरू देतो,
चुका दुरुस्त होऊ देतो, भांडणं निवू देतो,
किंमत गुडघ्याला आली की घेतो. एकच.

खोकी विकली. पोझनानचा पोरगा व्हॅन घेऊन आला,
रेकॉर्डरसकट सगळं भरलं.
'आणि ती कॅसेट?'
'बिघडलेली आहे.'
'शोकेसला चालेल.'
'नाही म्हटलं ना.'

काल ऑटिलियानं विचारलं, तुझे सहाशे खेळ पुढे माझे का?
अटी वाचल्या. बारीक अक्षरात लिहिलंय,
खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही.
'मग कॅसेट तुझी.'
'काय आहे तिच्यात?'
'चार मिनिटं किरकिर. मग तुझी आजी.'

तिनं तिथंच फोनवर रेकॉर्डर शोधला:
वापरलेला, झाकण तुटलेलं, एकशे ऐंशी झ्लॉटी.
'महाग आहे,' मी सवयीनं म्हणालो,
'थांबू या. उतरेल.'

तिचं बोट तोवर पडलं होतं.