बिडब्याड

मालू चहा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतते
तेव्हा मी परसात जाऊन उभा राहतो.
हल्ली ती पाठमोरी होऊन ओतते.
आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

उद्यमबागेत सतरा वर्षं रस ओतला मी.
वाळू ओली राहिली तर लोखंड उलटून अंगावर येतं,
हे नव्या हेल्परालाही पहिल्या दिवशी सांगतात.
त्या दिवशी वाळू ओली होती.
एवढंच सांगता येतं. पुढं गेलो
की जीभ साच्यात अडकते.

कंपनीनं पंधरा दिवस रजा दिली.
मेव्हणा म्हणाला, याला धारवाडला न्या,
आणि हसला. आमच्याकडं धारवाड
हे गाव नव्हे, निकाल आहे.
थोरल्यानं अंगारा आणला, लावून घेतला.
सिव्हिलात गोळ्या मिळाल्या, झोप लागली,
खरं झोपेतही भट्टी चालूच,
तिला शिफ्ट नाही, सुट्टी नाही.

मग पाट्या वाचत हिंडलो टिळकवाडीत.
एक पाटी नुसती इंग्रजी,
फी विचारायचा धीर झाला नाही.
एकजण म्हणाले, पहाटे फिरायला जा, विसरा.
एका ठिकाणी फॉर्म कन्नडात;
शेजारच्या पेशंटानं भरून दिला,
'आजार' पुढं त्यानं काय लिहिलं कुणास ठाऊक,
मी खाली मराठीत सही केली.

म्हटलं, कोल्हापूर. आपल्या भाषेत तरी बोलू.
कोगनोळीपाशी मोबाईल किणकिणला,
महाराष्ट्रात स्वागत.
डॉक्टर भला माणूस. घड्याळाकडं बघितलं नाही.
विचारलं, तो शेवटी काय म्हणाला?
मी म्हटलं, 'सोडू नको' म्हणाला.
त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं
आणि लिहिलेलं बघताना कळलं,
मी खोटं बोललोय.
फकिराप्पा असं म्हणालाच नव्हता.
त्याला मराठी यायचं ते शिव्यांपुरतं,
आणि पगाराच्या दिवशी थोडं जास्त.

परतीच्या बसमध्ये निपाणीपर्यंत
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

नीलांबिका मेटगुड बसतात
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर,
गुरुवारी, चार ते सात.
प्लास्टिकच्या तीन खुर्च्या, एकीचा पाय बांधलेला.
त्यांचं मराठी माझ्या कन्नडाइतकंच लंगडं.
पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"तुमचा भीती कुठं बसतो?"
मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी.
नंतर खरंच शोधलं, कुठं बसतो तो.
छातीत नाही, डोक्यात नाही.
उजव्या मनगटात.

दुसऱ्या गुरुवारी गप्पच बसलो, पैसे देऊन.

तिसऱ्या गुरुवारी मी तो शब्द काढला.
बिडब्याड.
त्यांनी लिहिलं नाही. अर्थ विचारला नाही.
खाली मशीन एकच पान काढत होतं,
पुन्हा, पुन्हा, उजेडाची फट सरकवत.
शब्द खोलीत तसाच राहिला,
त्याच्याच आवाजात, त्याच्याच हेलात,
कुणी त्याला माझ्या भाषेत ओतला नाही.
बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "मग?"
मग मी सोडला.
माझ्या हातात त्याचा हातमोजा राहिला.

तो माळ्यावर आहे, बियाण्याच्या डब्यामागं.
मालूला माहीत नाही असं मला वाटायचं.
आणा, म्हणाल्या बाई, वाटलं तर.
नाही वाटलं तर नको. घाई इल्ला.

या गुरुवारी मालू म्हणाली,
"मी येतो तुमच्यासंगं. वर येत नाही,
झेरॉक्सपाशी बसतो."
तिच्या पिशवीत काय होतं, विचारलं नाही.
गेट पडलेलं. मालगाडी, लोखंडच भरलेली.
तिनं माझं मनगट धरलं, उजवं.
मी डबे मोजत राहिलो.
एकेचाळीसनंतर मोजणी चुकली.