उसनं नाक

तापातून उठलो तेव्हा नाक जागेवर होतं,
वास तेवढे गेलेले.
डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू.
तीन वर्षं झाली.
कांदा आता नुसता डोळ्यांत पाणी आणतो,
आणि नोटांच्या प्रेसमधून निवृत्त होताना
जी शाई बोटांवर घेऊन आलो
ती अजून आहे की गेली, सांगता येत नाही.

गुरुवारी शालन येणार.
सिन्नर फाट्याच्या अडीच गुंठ्यांवरून
अकरा वर्षं बहीणभावांनी
एकमेकांच्या दारात पाय ठेवला नाही.
फोनवर म्हणाली, "डोळे दाखवायला येतेय नाशकात,
रात्रीपुरती."
रात्रीपुरती तर रात्रीपुरती.
पण दार उघडल्याबरोबर
माझ्याआधी घर बोलणार तिच्याशी,
आणि काय बोलतंय ते मलाच कळणार नाही.

म्हणून समोरच्या मिहिकाला सोबत घेतलं.
वय नऊ, नाक उत्तम,
मोबदला एक कुल्फी.

दूध बाजारात मुनीरभाईंनी काचेची काडी
माझ्या मनगटावर टेकवली.
मी सवयीने मान डोलावली, "वा!"
"काका, खोटं," मिहिका म्हणाली,
आणि मनगट ओढून स्वतः हुंगायला लागली.
गुलाब: "सारखं लग्नात बसल्यासारखं वाटेल."
हिना: "कपाटात लपल्यावर येतो तो."
खस: "माठाखालचं ओलं पोतं. हा चालेल."
ऊद हुंगून जरा वेळ गप्पच झाली.
"हा मोठ्या माणसांचा आहे."
मुनीरभाई पोट धरून हसले,
खसाच्या कुपीचे निम्मेच पैसे घेतले.

कॉलेज रोडवरची व्हॅनिलाची मेणबत्ती
तिने नाकाजवळ नेऊन परत फळीवर ठेवली.
"केकचा वास आहे आणि केक नाहीये. फसवणूक."
गणेशवाडीत मात्र निशिगंधाच्या सहा दांड्या
न हुंगताच उचलल्या,
"हे रात्री बोलतात," म्हणाली,
"आत्ता हुंगून काय उपयोग?"

घरी येऊन तिने खोल्या तपासल्या,
हात मागे बांधून, इन्स्पेक्टरसारख्या.
इथे औषधांचा. इथे बंद खिडकीचा.
इथे तुमचा.
"माझा कसा असतो?"
"पेपर आणि खोबरेल."
"मग काय करायचं त्याचं?"
"तो नाही जाणार. पुसून पाहिला मी."

गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा.
पंख्याखाली खसाचा बोळा,
कोपऱ्यात निशिगंध,
धुतलेला अभ्रा, उघड्या खिडक्या,
आणि माझ्या तोंडात
सकाळपासून घोकलेलं एक वाक्य.
दार उघडलं.
शालन उंबऱ्याबाहेर, पर्स छातीशी,
एक चप्पल काढलेली, एक पायात.
आत यावं की न यावं
हे तिचंही ठरलेलं नव्हतं बहुतेक.
तिच्या नाकपुड्या हलल्या.
मी वाट पाहिली.

"दूध!"

मला बाजूला सारून
एका पायात चप्पल तशीच घेऊन ती आत गेली.
स्वयंपाकघर कुठे ते विचारलं नाही.
मी पोचेपर्यंत गॅस बंद,
पदराने धरलेलं पातेलं मोरीत,
आणि ती ओरडतेय,
"घरभर जळकं सुटलंय, तुला कळत कसं नाही?"
"नाही कळत," मी म्हणालो.
आणि मग सांगितलं.
घोकलेलं वाक्य राहूनच गेलं.

मिहिका नाक दाबून दारात उभी.
"काका, हा आपण आणला नव्हता."

शालनने बुडाची खरवड उलथन्याने सोडवली,
काळी तेवढी टाकली,
तांबूस माझ्या तळहातावर ठेवली,
वर चिमूटभर साखर.
कडू आणि गोड एवढं जिभेला अजून कळतं.
मग दुसरी चप्पल काढत,
माझ्याकडे न बघता विचारलं,
"गवत केवढं वाढलंय रे तिकडे, प्लॉटवर?"