कोरडा

सोनोराच्या वाळवंटात तिला चिरिओनेरा म्हणतात.
चिरिओन म्हणजे कोरडा,
कातड्याच्या वाद्या वळून विणलेला.
आपल्याकडे कोरडा पाठीवर पडतो
आणि ओढाही कोरडा पडतो;
तिकडे दोन्ही मिळून एक जनावर झालंय,
पुरुषभर लांब, शेपटीकडे करंगळीहून बारीक,
विष नाहीच.

एदुविहेसला लहानपणी सांगितलं होतं:
ती माणसामागे धावते,
मेस्कीतच्या खोडाला बांधून फटके मारते,
मग शेपटीचं टोक नाकपुडीत घालून बघते,
श्वास चालू आहे का.
चालू असला तर पुन्हा पहिल्यापासून.
म्हणून, पोरी, पडलीस तर मेल्यासारखी पड.

ती शिकली.
गुरांच्या कुंडात डोकं बुडवायची,
भाऊ नाबोर काठावरून आकडे मोजायचा.
चाळीस. पुढच्या उन्हाळ्यात साठ.

प्रत्यक्ष दिसली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी,
रानात चिल्तेपीन तोडताना.
झुडपावर मान काढून बघत होती,
शेजारीण कुंपणावरून बघते तशी.
एदुविहेस आडवी झाली. टोपली कलंडली,
मिरचीचे लाल मणी मातीभर.
डोळे मिटले, श्वास धरला.
घोट्यावरून काहीतरी गेलं,
उन्हात वाळलेलं कापड दोरीवरून ओढावं तसं,
संपेचना.
मग संपलं.
पलीकडे एक सरडा पळाल्याची खसफस.
नाकाशी कोणी आलं नाही.

ती तशीच पडून राहिली.
हा श्वास आपण किती वेळा धरलाय,
मोजू लागली.
लिब्रादोचे बूट. खुंटीवरून काही उतरल्याचा आवाज.
आणि नंतर, दर वेळी नंतर,
नाकाखाली आणलेला तंबाखूच्या वासाचा तळहात,
जिवंत आहे का बघायला.
तळहात होता तो. शेपूट नव्हती.

लिब्रादोला जाऊन चार वर्षं झाली.
खुंटी अजून भरलेली.

मिरच्या तिने वेचल्या नाहीत.
संध्याकाळी नाबोरच्या कारखान्यात
मेजावर तो ठेवला.
नाबोरने आपली वीण ओळखली,
आठ पदरी, तिच्या लग्नातली भेट.
काही विचारलं नाही त्याने.
उसव, म्हणाली.
असा नाही निघायचा, कातडं घट्ट झालंय.
मग भिजत घाल.

त्याने बादली आणली.
रात्रभर कोरडा पाण्यात होता.